हाइड पार्कचं रूझवेल्ट ग्रंथालय आणि संग्रहालय: कुटुंबासह एका दिवसाची सहल कशी आखावी

न्यू जर्सी किंवा न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या आपल्या घरांत मे-जूनमध्ये भारतातून आजी-आजोबा येतात आणि ठरलेली यादी सुरू होते: टाइम्स स्क्वेअर, स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा, नायगारा, वॉशिंग्टन. या यादीत मी आग्रहाने आणखी एक नाव घालीन. हडसन नदीच्या काठी, न्यूयॉर्क शहरापासून साधारण नव्वद मैलांवर हाइड पार्क नावाचं लहानसं गाव आहे. तिथे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं ग्रंथालय आणि संग्रहालय, त्यांचं जन्मघर आणि त्यांची समाधी एकाच आवारात आहेत. सकाळी निघून रात्रीच्या जेवणाला घरी परतता येतं. तीन पिढ्यांना एकत्र नेता येईल अशा जागा या भागात फार नाहीत, आणि ही त्यांपैकी मला सगळ्यात आवडणारी.

‘ग्रंथालय’ ऐकून पुस्तकांच्या कपाटांची अपेक्षा ठेवू नका. अमेरिकेतलं अध्यक्षीय ग्रंथालय म्हणजे मुख्यतः एका राष्ट्राध्यक्षाच्या कारकिर्दीतल्या कागदपत्रांचा दफ्तरखाना आणि त्याला जोडलेलं संग्रहालय. पूर्वी पायउतार होणारा राष्ट्राध्यक्ष आपली कागदपत्रं घरी घेऊन जायचा. वारसांमध्ये ती वाटली जात, काही विकली जात, काही जळून गेली. रूझवेल्टना हे पटत नव्हतं. त्यांनी आपल्या इस्टेटीतली सोळा एकर जागा दिली, लोकांच्या देणग्यांतून इमारत बांधली आणि ती कागदपत्रांसकट देशाच्या स्वाधीन केली. या भागातल्या जुन्या डच घरांसारखी दगडी इमारत हवी म्हणून तिचा आराखडाही स्वतःच रेखाटला. 1939 मध्ये बांधकाम सुरू झालं आणि 30 जून 1941 ला, ते पदावर असतानाच, संग्रहालय खुलं झालं. हे देशातलं पहिलं अध्यक्षीय ग्रंथालय. पुढे 1955 मध्ये त्यासाठी कायदा झाला, आणि 1978 च्या कायद्याने अध्यक्षांची सरकारी कागदपत्रं जनतेच्या मालकीची ठरली.

तुम्ही दुसऱ्या भागात राहत असाल तर जवळचं ग्रंथालय निवडा. बॉस्टनला केनेडी, ऑस्टिनला जॉन्सन, डॅलसला धाकटे बुश, अटलांटाला कार्टर, लॉस एंजेलिसजवळ सिमी व्हॅलीत रेगन. तिथे तर राष्ट्राध्यक्षांचं अख्खं विमान आत उभं आहे. खाली सांगितलेली आखणी थोड्याफार फरकाने तिथेही चालेल.

पहिली पायरी: दिवस ठरवा आणि दोन्ही संकेतस्थळं बघा

इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची. आवार एक असलं तरी मालक दोन आहेत. ग्रंथालय-संग्रहालय राष्ट्रीय पुराभिलेखागाराकडे आहे, तर रूझवेल्टांचं घर, बाग आणि बाकीचा परिसर राष्ट्रीय उद्यान सेवेकडे. त्यामुळे वेळा, तिकिटं आणि सूचना वेगवेगळ्या असतात. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास तुमच्याकडे असला तरी तो संग्रहालयाला लागू पडेल असं गृहीत धरू नका, खिडकीवर विचारून घ्या. निघायच्या आदल्या दिवशी दोन्ही संकेतस्थळं उघडून त्या दिवसाच्या वेळा आणि दर बघा.

घर आतून फक्त मार्गदर्शकाबरोबर बघता येतं. त्या फेऱ्या ठरावीक वेळी निघतात आणि जागा मोजक्या असतात. जुनी वास्तू असल्याने दुरुस्तीसाठी ती कधीकधी बंदही असते, म्हणून हे आधी तपासायचं आणि संग्रहालयाची वेळ त्याभोवती बसवायची. थँक्सगिव्हिंग, नाताळ आणि 1 जानेवारी हे दिवस टाळा. वॉशिंग्टनमध्ये निधीचा तिढा पडून सरकारी कामकाज थांबलं असेल तर आणखी थांबा. केंद्र सरकारच्या या जागांना तेव्हा कुलूप लागतं.

ऋतूचं म्हणाल तर ऑक्टोबरमध्ये हडसनच्या दोन्ही काठांवर पानांचे रंग बघण्यासारखे असतात, पण तेव्हा शनिवार-रविवारी रस्ते आणि वाहनतळ दोन्ही भरलेले असतात. आजी-आजोबा असतील तर जूनमधला मधला वार सगळ्यात सोयीचा. हिवाळ्यात संग्रहालय छान शांत असतं, पण बाहेरचं फिरणं होत नाही, आणि बाहेरचं फिरणं हा या सहलीचा अर्धा आनंद आहे.

दुसरी पायरी: घरी एक संध्याकाळ काढा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात. माझ्या मते सहल रंगते की कंटाळवाणी होते, हे इथेच ठरतं. दहा वर्षांच्या मुलाला ‘न्यू डील’, म्हणजे महामंदीतून देशाला सावरण्यासाठी रूझवेल्टनी आखलेल्या योजना, असं काही सांगायला गेलात तर तो पाचव्या मिनिटाला फोन मागेल. त्याला एक पत्र दाखवा.

1 जुलै 1942 रोजी महात्मा गांधींनी वर्ध्याजवळच्या सेवाग्रामहून रूझवेल्टना पत्र लिहिलं. दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं आणि जपानी फौजा ब्रह्मदेशापर्यंत आल्या होत्या. गांधीजींनी सुरुवातीला मित्रत्वाने लिहिलं की तुमच्या देशात येण्याचे दोन योग हुकले, थोरो आणि इमर्सन यांच्या लेखनाचं माझ्यावर ऋण आहे. मग थेट मुद्दा मांडला: भारत आणि आफ्रिका ब्रिटनच्या ताब्यात आहेत, अमेरिकेत कृष्णवर्णीयांचा प्रश्न तसाच आहे, तोवर लोकशाहीसाठी लढतो आहोत हे मित्रराष्ट्रांचं म्हणणं पोकळ वाटतं. त्याच पत्रात त्यांनी तोडगाही सुचवला होता. भारत स्वतंत्र करा, आणि जपानला रोखण्यासाठी गरज असेल तर मित्रराष्ट्रांनी आपल्या खर्चाने इथे सैन्य ठेवावं. रूझवेल्टनी 1 ऑगस्टला उत्तर लिहिलं, पण ते वेळेत पोचलं नाही. 8 ऑगस्टला गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि 9 ऑगस्टच्या पहाटे गांधीजींना मुंबईत अटक करून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेलं.

ही हकीगत आजोबांना सांगायला लावा. बेचाळीसची चळवळ त्यांनी स्वतः पाहिली नसली तरी त्यांच्या वडिलांकडून काहीतरी ऐकलेलं असतंच. आजोबांची गोष्ट आणि नातवाच्या शाळेतलं महायुद्ध एकाच पत्रात भेटतात, आणि मग ‘आपण कुणा परक्याचं घर बघायला चाललोय’ ही भावना दोघांच्याही मनातून जाते.

त्याच बैठकीत ग्रंथालयाचा डिजिटल संग्रह उघडा. त्याचं नावच ‘फ्रँकलिन’ आहे. ग्रंथालयात सुमारे 1 कोटी 70 लाख पानांची कागदपत्रं आहेत आणि त्यातला काही भाग आता घरबसल्या मोफत बघता येतो. मुलांना ‘इंडिया’ किंवा ‘गांधी’ असे शब्द टाकून शोधू द्या. मग प्रत्येकाने एकेक प्रश्न कागदावर लिहायचा आणि तिथे जाऊन त्याचं उत्तर शोधायचं. ‘पायांत ताकद नसताना ते गाडी कशी चालवायचे?’ हा लहान मुलांसाठी उत्तम प्रश्न आहे. मोठ्या मुलांना अटलांटिक चार्टर द्या. ऑगस्ट 1941 मध्ये रूझवेल्ट आणि चर्चिल यांनी जाहीर केलं की आपलं सरकार कसं असावं हे निवडण्याचा हक्क सर्व लोकांना आहे; पुढच्याच महिन्यात चर्चिलनी ब्रिटिश संसदेत स्पष्ट केलं की ते नाझींच्या टाचेखालच्या युरोपबद्दल होतं, भारताबद्दल नव्हे. या विषयावर पंधरा वर्षांची मुलगी गाडीत तासभर वाद घालू शकते.

तिसरी पायरी: जायचं कसं

एडिसन, पिस्कॅटवे, पार्सिपनी या भागातून गाडीने साधारण दोन तास धरा. न्यूयॉर्क थ्रूवेवरून अठरा नंबरच्या एक्झिटला, म्हणजे न्यू पॉल्ट्झला उतरायचं, 299 रस्त्याने 9डब्ल्यूवर यायचं आणि मिड-हडसन पूल ओलांडून रूट 9 ने उत्तरेला जायचं. थ्रूवेवर आणि पुलावर टोलसाठी रोख पैसे घेत नाहीत, ई-झीपास गाडीत असू द्या. सकाळी सातच्या आत निघालात तर वाटेत चहाला थांबूनही संग्रहालय उघडायच्या सुमाराला पोचता.

क्वीन्स किंवा वेस्टचेस्टरमधून येणार असाल तर टॅकोनिक पार्कवे हा देखणा रस्ता आहे. राष्ट्राध्यक्ष होण्याच्या कितीतरी आधी, 1925 पासून, रूझवेल्ट या भागाच्या उद्यान आयोगाचे अध्यक्ष होते आणि या रस्त्याच्या आखणीत त्यांनी जातीने लक्ष घातलं होतं. मात्र लेन अरुंद आहेत, वळणं पुष्कळ, आणि तिन्हीसांजेला हरणं रस्त्यावर येतात. परतताना अंधार पडणार असेल तर थ्रूवेच बरा.

गाडी नसेल तर ग्रँड सेंट्रलवरून मेट्रो-नॉर्थची हडसन लाइन शेवटच्या पकिप्सी स्टेशनपर्यंत जाते, पावणेदोन ते दोन तासांत. जाताना डाव्या बाजूच्या खिडक्या पकडा. जवळजवळ सगळा वेळ नदी सोबत असते आणि आजी-आजोबांना हा प्रवास गाडीपेक्षा जास्त आवडतो. पकिप्सीहून पुढच्या काही मैलांसाठी टॅक्सी किंवा उबर लागते. उन्हाळ्यात उद्यान सेवेची बस मिळते का तेही आधी पाहून ठेवा.

चौथी पायरी: संग्रहालय, सकाळच्या ताज्या डोक्याने

गाडी लावली की आधी वॉलेस सेंटरमध्ये जायचं. तिकिटं, माहितीपट, स्वच्छतागृहं सगळं तिथेच आहे. जमिनीवर संपूर्ण इस्टेटीचा भलामोठा नकाशा फरशीत जडवलेला आहे. मुलांना त्यावर उभं करून ‘आज आपण इथून इथे जाणार’ दाखवा. उद्यान सेवेची ‘ज्युनिअर रेंजर’ची पुस्तिका इथेच मागून घ्या. ती भरून दिली की मुलांना बिल्ला मिळतो, आणि त्या बिल्ल्यासाठी मुलं न सांगता पाट्या वाचतात.

संग्रहालयाला दोन तास द्या, त्याहून जास्त नको. सगळं वाचत बसलात तर जेवणापर्यंत तुम्ही अजून 1935 मध्येच असाल. सुरुवात महामंदीपासून होते. 1933 मध्ये रूझवेल्ट सत्तेवर आले तेव्हा देशातला जवळपास दर चौथा कामकरी माणूस बेकार होता आणि बँका धडाधड बंद पडत होत्या. 12 मार्च 1933 ला त्यांनी रेडिओवरून लोकांना साध्या भाषेत समजावून सांगितलं की बँक तुमच्या पैशांचं काय करते आणि ते आता सुरक्षित का आहेत. त्या काळचं स्वयंपाकघर उभं केलेलं आहे, तिथे त्यांची रेडिओ-भाषणं ऐका. ज्या आजी-आजोबांनी बिनाका गीतमालेसाठी रेडिओभोवती घर गोळा झालेलं पाहिलंय, त्यांना इथे वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

पुढे पर्ल हार्बरच्या भाषणाचा मसुदा शोधा. हल्ला 7 डिसेंबर 1941 चा. त्याच दिवशी रूझवेल्टनी भाषण तोंडी सांगून टंकलिखित करून घेतलं आणि मग पेन्सिलीने त्यात दुरुस्त्या केल्या. ‘जगाच्या इतिहासात’ राहील असा दिवस, हे शब्द खोडून त्यांनी कलंकाचा अर्थ असलेला एकच शब्द लिहिला, आणि ते वाक्य अजरामर झालं. शाळेचा निबंध दुसऱ्यांदा लिहायला कुरकुरणाऱ्या मुलाला तो कागद जरूर दाखवा.

1942 च्या फेब्रुवारीत रूझवेल्टनी काढलेल्या आदेशाने जपानी वंशाच्या सुमारे 1 लाख 20 हजार लोकांना घरंदारं सोडून छावण्यांत राहावं लागलं, आणि त्यातले बहुसंख्य अमेरिकन नागरिक होते. संग्रहालय हे झाकून ठेवत नाही. तुम्हीही मुलांना तिथून घाईने पुढे नेऊ नका. आपल्यासारख्याच स्थलांतरितांच्या मुलांबाबत हे घडलं होतं, आणि आपल्या मुलांच्या मनात तिथे जे प्रश्न येतात त्यांना वेळ द्यायला हवा.

तळघरातल्या दोन गोष्टींसाठी थोडी ताकद राखून ठेवा. एक म्हणजे त्यांची 1936 ची फोर्ड गाडी. 1921 मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी, त्यांना पोलिओ झाला आणि पाय कायमचे गेले. या गाडीत क्लच, ब्रेक आणि वेग सगळं हातांनी चालवायची सोय करून घेतली होती. इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज 1939 मध्ये इथे पाहुणे आले तेव्हा याच गाडीतून रूझवेल्टनी त्यांना फिरवलं. दुसरी गोष्ट म्हणजे कागदाच्या लगद्याचा, माणसापेक्षा उंच स्फिंक्स, रूझवेल्टांच्या चेहऱ्याचा! तिसऱ्यांदा निवडणूक लढवणार की नाही याचं उत्तर ते देत नव्हते, म्हणून 1939 मध्ये वॉशिंग्टनच्या पत्रकारांनी आपल्या मेजवानीसाठी तो बनवला होता. रूझवेल्टना तो इतका आवडला की त्यांनी तो संग्रहालयासाठीच मागून घेतला.

त्यांची अभ्यासिका मूळ जागी आहे. पदावर असताना ते इथे येऊन काम करत. ग्रंथालयाच्या इमारतीत बसून देशाचा कारभार केलेले ते एकमेव राष्ट्राध्यक्ष.

पाचवी पायरी: डबा

डबा घरूनच न्या. गुळाच्या दशम्या, थालीपीठं, कोरडी चटणी, दाण्यांचा लाडू. सांडणार नाही आणि गाडीत दुपारपर्यंत टिकेल असं. प्रदर्शनाच्या दालनांत खाणं चालत नाही, बाहेर आवारात बसून खायचं. पाण्याच्या बाटल्या भरपूर, आणि आजी-आजोबांसाठी टोपी व हलका स्वेटर दोन्ही ठेवा. बाहेर ऊन असतं आणि आत वातानुकूलन कडक असतं. औषधांच्या वेळा जेवणाशी बांधलेल्या असतील तर घराची फेरी एकच्या आधीची घेऊ नका.

सहावी पायरी: घर आणि गुलाबाची बाग

स्प्रिंगवूड हे घर संग्रहालयापासून थोड्या चालण्यावर आहे. 30 जानेवारी 1882 ला रूझवेल्ट इथेच जन्मले. घर दिवाणखान्यापेक्षा लहानसहान वस्तूंतून जास्त कळतं. प्रवेशदालनात त्यांनी लहानपणी स्वतः जमवलेले, पेंढा भरलेले पक्षी काचेच्या कपाटात आहेत. चाकांची खुर्ची बघा: स्वयंपाकघरातल्या साध्या लाकडी खुर्चीला चाकं लावलेली. आणि सामानाची लिफ्ट अजिबात चुकवू नका. ती दोरखंडाने हाताने ओढायची होती आणि रूझवेल्ट त्यात बसून स्वतःच्या हातांच्या बळावर वरच्या मजल्यावर जात. आग लागून वीज गेली तर आपण अडकू, या भीतीने त्यांनी तिला विजेची मोटर बसवू दिली नाही. आधी ठरवलेल्या प्रश्नाचं उत्तर शोधत आलेलं मूल इथे मार्गदर्शकाला प्रश्नांवर प्रश्न विचारतं.

आजी किंवा आजोबांना गुडघ्यांचा त्रास असेल तर वरच्या मजल्याबद्दल फेरी सुरू होण्याआधीच मार्गदर्शकाला विचारा. व्हीलचेअरची गरज असेल तर आदल्या दिवशी फोन करून सोय काय आहे ते पक्कं करा. मागायला संकोच करू नका, या जागेचा धनीच आयुष्याची शेवटची जवळपास चोवीस वर्षं व्हीलचेअर वापरत होता.

घर आणि संग्रहालय यांच्या मध्ये गुलाबाची बाग आहे. तिथे साध्या पांढऱ्या संगमरवराखाली फ्रँकलिन आणि त्यांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट शेजारी शेजारी आहेत. 12 एप्रिल 1945 ला जॉर्जिया राज्यात त्यांचं निधन झालं आणि त्यांच्याच इच्छेप्रमाणे त्यांना इथे आणलं. जवळच फाला या त्यांच्या लाडक्या कुत्र्याला पुरलेलं आहे. जूनमध्ये गुलाब फुललेले असतात.

सातवी पायरी: दुपारनंतर एकच गोष्ट निवडा

तीनच्या सुमारास घरात दोन मतं होतील. दोन्ही पर्याय चांगले आहेत, पण दोन्ही एका दिवशी करू नका.

माझं मत व्हॅल-किलला. दोन मैलांवरचं एलिनॉर रूझवेल्ट यांचं हे स्वतःचं घर. साधं, पुस्तकांनी आणि माणसांच्या फोटोंनी भरलेलं. पंडित नेहरू 1949 च्या अमेरिका दौऱ्यात हाइड पार्कला येऊन गेले. पतीच्या निधनानंतर एलिनॉर संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाच्या अध्यक्ष झाल्या. त्या आयोगावर भारताच्या प्रतिनिधी होत्या हंसा मेहता, मुंबईच्या कायदेमंडळात काम केलेल्या, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेल्या. आयोगाने तयार केलेल्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या पहिल्याच कलमात स्त्रियांचा समावेश निःसंदिग्ध असावा, हा आग्रह त्यांनी धरला आणि तो मान्य झाला. 10 डिसेंबर 1948 ला तो जाहीरनामा स्वीकारला गेला. घरात मुली असतील तर व्हॅल-किलला जाच. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, तेवढ्या बघून ठेवा.

मुलं लहान असतील आणि त्यांना मोकळं पळायचं असेल तर उत्तरेला व्हँडरबिल्ट यांच्या प्रासादाच्या आवारात जा. आवारात फिरायला पैसे पडत नाहीत, हिरवळीवरून हडसनचं विस्तीर्ण पात्र दिसतं, आणि थकलेल्यांना झाडाखाली निवांत बसता येतं. ज्यांना चालायची हौस आहे त्यांनी परतताना पकिप्सीचा ‘वॉकवे ओव्हर द हडसन’ करावा. 1889 चा जुना रेल्वेपूल 2009 मध्ये पायी चालणाऱ्यांसाठी खुला केला. लांबी सव्वा मैलाहून थोडी जास्त, पाण्यापासून उंची 212 फूट. पूर्ण ओलांडून परत यायचं तर तासाभराहून अधिक वेळ लागतो, म्हणून छोट्यांसोबत मध्यापर्यंत जाऊन मागे फिरा.

परतल्यावर

रविवारी संध्याकाळी सहानंतर थ्रूवेवर दक्षिणेकडे गर्दी असते. पाचच्या आत निघा, किंवा पकिप्सी नाहीतर वॉपिंजर्स फॉल्सकडे रात्रीचं जेवण उरकून आठनंतर.

आठवड्याभरात, आठवणी ताज्या असताना, मुलांनी आणलेले प्रश्नांचे कागद पुन्हा काढा. ज्यांची उत्तरं तिथे मिळाली नाहीत त्यांच्यासाठी ‘फ्रँकलिन’ संग्रहात शोधा. त्यातूनही राहिलं तर ग्रंथालयाच्या पुराभिलेख विभागाला ईमेल करा. कागदपत्रांबद्दल जनतेच्या प्रश्नांना उत्तरं देणं हे त्यांच्या कामातच येतं. प्रश्न नेमका हवा: कोणतं पत्र, साधारण कोणती तारीख, कोणी कोणाला लिहिलेलं. ईमेल तुम्ही लिहू नका. हायस्कूलमधल्या मुलाला किंवा मुलीला स्वतःच्या नावाने लिहायला लावा, आणि त्यांना भारताबद्दलच्या कागदांत खरोखरच गोडी वाटली तर पुढच्या खेपेला संग्रहालयाऐवजी थेट अभ्यासकांच्या वाचनकक्षात बसायला काय लागतं, हेही त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या.